डावे सत्तेवर येतात तेव्हा: सव्वाशे वर्षांची पार्श्वभूमी

डावा पक्ष निवडणूक जिंकून देशाच्या सत्तेवर येतो आणि वर्ष-दोन वर्षांत त्याचेच कार्यकर्ते म्हणू लागतात, की नेत्यांनी आमच्या तोंडाला पाने पुसली. हे लंडनमध्ये घडले, पॅरिसमध्ये घडले, माद्रिद, ब्राझिलिया आणि अथेन्समध्येही घडले. दर वेळी एखाद्या नेत्यावर गद्दारीचा शिक्का बसतो आणि चर्चा तिथेच थांबते. नेते निर्दोष असतात असे मुळीच नाही. पण इतक्या वेगळ्या स्वभावाच्या माणसांनी, इतक्या वेगळ्या देशांत, जवळपास एकाच क्रमाने माघार घेतली असेल, तर कारण स्वभावाच्या पलीकडे शोधायला हवे. मला ते दोन ठिकाणी दिसते. देशाच्या तिजोरीला उसने पैसे कोण देतो, हे एक. आणि सत्ता मिळाल्यावर पक्षाची स्वतःची संघटना कुणाच्या हाती उरते, हे दुसरे. पहिल्यावर भरपूर लिहिले जाते. दुसरे मला जास्त मोलाचे वाटते, कारण तिथे पक्षाला खरोखर काही करता येते.

वादाची सुरुवात १८९९ च्या फ्रान्समध्ये सापडते. ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरच्या हेरगिरीच्या खोट्या आरोपाने देश दुभंगला होता, प्रजासत्ताक टिकते की नाही अशी धास्ती होती. अशा वेळी वाल्देक-रूसो यांच्या मंत्रिमंडळात अलेक्सांद्र मिलरां या समाजवादी खासदाराने व्यापारमंत्रिपद स्वीकारले. त्याच मंत्रिमंडळात युद्धमंत्री होते जनरल गालिफे. १८७१ मध्ये पॅरिस कम्यून, म्हणजे शहरातल्या कामगारांचे बंडखोर सरकार, रक्तात बुडवणाऱ्या सेनानींपैकी एक. कम्यूनच्या हुतात्म्यांना ज्या भिंतीपाशी गोळ्या घातल्या, तिथे दर वर्षी मिरवणुकीने जाणाऱ्या कामगारांना हे कसे वाटले असेल याची कल्पना करता येते. मिलरां यांनी कामही केले. कामाचे तास कमी करणारा १९०० चा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तरीही १९०४ च्या अ‍ॅम्स्टरडॅम परिषदेत जगभरच्या समाजवाद्यांनी अशा सहभागाविरुद्ध ठराव केला. मिलरां हळूहळू उजवीकडे सरकत गेले आणि १९२० मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले.

संसदेत स्वतःचे बहुमत नसताना सरकारात जायचे का, हा प्रश्न तेव्हापासून पाठ सोडत नाही. १९९६ मध्ये संयुक्त आघाडीने ज्योती बसूंना भारताचे पंतप्रधानपद देऊ केले, तेव्हा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने नकार दिला तो याच धास्तीने: धोरणे ठरवण्याइतके बळ नाही आणि दोष मात्र आपल्या माथी. बसूंनी नंतर त्या निर्णयाला ऐतिहासिक घोडचूक म्हटले. दोन्ही बाजूंची भीती खरी होती, असे मला वाटते.

जर्मनीचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष सत्तेत येण्याआधीच बदलला होता. त्याची वर्तमानपत्रे होती, शाळा होत्या, हजारो पगारी कार्यकर्ते होते, आणि एवढा पसारा गमावण्याची भीती होती. ४ ऑगस्ट १९१४ रोजी त्याने युद्धकर्जांच्या बाजूने मत दिले. नोव्हेंबर १९१८ मध्ये कैसर गेला, पक्षाचे नेते एबर्ट यांच्या हाती सरकार आले आणि त्यांनी जुन्या सैन्याशी समझोता केला. १५ जानेवारी १९१९ रोजी पक्षातून फुटून निघालेले क्रांतिकारक नेते रोझा लक्झेंबर्ग आणि कार्ल लीबक्नेख्त यांची हत्या झाली. ज्या स्वयंसेवी तुकड्यांनी ती केली, त्या सोशल डेमोक्रॅट मंत्री नोस्के यांनी बर्लिनमधला उठाव मोडायला वापरल्या होत्या. त्याच महिन्यात ३८ टक्के मते मिळवणारा हा पक्ष जून १९२० मध्ये २२ टक्क्यांच्याही खाली आला. कामगार चळवळीतली ती फूट पुढे हिटलरच्या काळातही सांधली गेली नाही.

रशियात निवडणुकीने नव्हे, क्रांतीने सत्ता आली, आणि तिथला बदल आणखी झपाट्याचा होता. १९१७ च्या सुरुवातीला बोल्शेविक पक्षाचे सभासद पंचवीस हजारांच्या आसपास होते. १९२१ मध्ये सात लाखांच्या वर. जिंकलेल्या पक्षात माणसे कशासाठी येतात हे सांगायला नको. मार्च १९२१ मध्ये क्रोनश्टाटच्या नौसैनिकांनी सोव्हिएटच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या परिषदांच्या, मुक्त निवडणुका मागितल्या. १९१७ मध्ये हेच क्रोनश्टाट क्रांतीचा बालेकिल्ला होते. त्यांच्यावर लष्कर पाठवले गेले, आणि त्याच दिवसांत भरलेल्या दहाव्या अधिवेशनाने पक्षांतर्गत गटांवर बंदी घातली. बाहेरचे विरोधक आधीच गप्प केले होते, आता आतलेही. वर्षभराने स्टालिन सरचिटणीस झाले तेव्हा नेमणुका करणारे कार्यालय हेच पक्षाचे खरे केंद्र होऊ लागले होते.

निवडणुकीच्या राजकारणात सगळ्यात शिकवणारे उदाहरण मला ब्रिटनचे वाटते. मजूर पक्ष १९२९ मध्ये २८७ जागा घेऊन दुसऱ्यांदा सत्तेवर आला. स्पष्ट बहुमत नव्हते. पंतप्रधान रॅमसे मॅकडोनल्ड शेतमजूर आईचा मुलगा, अर्थमंत्री फिलिप स्नोडन विणकराचा. काही महिन्यांतच जागतिक मंदी आली. बेकारांची संख्या २५ लाखांच्या पुढे गेली, पौंडावर दबाव वाढला, आणि सोन्याशी बांधलेला पौंड वाचवायचा तर परदेशी कर्ज हवे, कर्ज हवे तर खर्चात कपात हवी, असे ठरले. कपात कुठे? बेकारभत्त्यात दहा टक्के.

२३ ऑगस्ट १९३१, रविवार. डाउनिंग स्ट्रीटवर मंत्री न्यू यॉर्कच्या बँकरांच्या उत्तराची वाट पाहत बसले होते. मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ बेकारांचा भत्ता किती कापते, यावर कर्ज अवलंबून होते. मतदान झाले: कपातीच्या बाजूने अकरा, विरोधात नऊ. एवढ्या फुटीवर सरकार चालणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी मॅकडोनल्ड यांनी हुजूर पक्ष आणि लिबरलांना घेऊन राष्ट्रीय सरकार बनवले आणि त्यांच्या पक्षाने त्यांना काढून टाकले. ज्या सुवर्णचलनासाठी हे सगळे केले, ते त्याच राष्ट्रीय सरकारने चार आठवड्यांत, २१ सप्टेंबरला सोडून दिले. आभाळ कोसळले नाही. ऑक्टोबरच्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या हाती उरल्या ५२ जागा.

या कहाणीत बहुतेक जण मॅकडोनल्डकडे पाहतात. मला त्या आठवड्यातली दुसरी घटना महत्त्वाची वाटते. मतदानाच्या तीन दिवस आधी कामगार संघटनांच्या महासंघाने मंत्र्यांना स्पष्ट सांगितले होते, की ही कपात आम्हाला मान्य नाही. महासंघाचे नेते अर्नेस्ट बेव्हिन आणि वॉल्टर सिट्रीन यांना मंत्रिपदाचा मोह घालण्यासारखे काही नव्हते; त्यांची ताकद संघटनेत होती आणि संघटना सरकारबाहेर होती. संसदेत पक्ष भुईसपाट झाला तरी चौदा वर्षांनी, १९४५ मध्ये, ३९३ जागा घेऊन परतला, तो या पायावर. ५ जुलै १९४८ रोजी मोफत राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली.

त्या सेवेचा शिल्पकार मजूर पक्षाचा मंत्री अन्यूरिन बेव्हन (वरचे बेव्हिन वेगळे). कोरियन युद्धासाठी ब्रिटनने तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम हाती घेतला. त्या भाराखाली १९५१ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री गेट्स्केल यांनी कवळी आणि चष्मा यांच्या खर्चाचा निम्मा भाग रुग्णांकडून घ्यायचे ठरवले. रक्कम शस्त्रखर्चापुढे नगण्य होती. बेव्हन यांनी राजीनामा दिला, त्यांच्यासोबत हॅरॉल्ड विल्सननेही. चष्म्यासाठी सरकार सोडायचे का, असे तेव्हा अनेकांनी विचारले. मला बेव्हन बरोबर वाटतात. पैसे थोडे होते म्हणूनच ती जागा निर्णायक होती: मोफत म्हणजे मोफत, हे तत्त्व त्या दिवशी मोडले आणि ते मोडणारा विरोधी पक्ष नव्हता.

स्वीडनने वेगळी वाट काढली. १९२८ मध्ये वारसा कराच्या मुद्द्यावर मार खाल्लेले सोशल डेमोक्रॅट १९३२ मध्ये पेर आल्बिन हान्सन यांच्या नेतृत्वाखाली सत्तेवर आले. पुढच्याच वर्षी त्यांनी शेतकरी पक्षाशी सौदा केला: शेतमालाच्या भावाला संरक्षण, त्याच्या बदल्यात बेकारांना बाजारभावाच्या मजुरीने सार्वजनिक कामे. उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाचा हट्ट गुंडाळून ठेवला. १९३८ मध्ये मालक आणि कामगार संघटनांचा साल्टशबाडेन करार झाला. कडव्या समाजवाद्यांच्या दृष्टीने ही शरणागतीच. पण १९३४ मध्ये केलेली एक गोष्ट इतरांनी सहसा केली नाही. सरकारी अनुदान मिळणारा बेकारी विमा कामगार संघटनांनी चालवायचा, अशी व्यवस्था त्यांनी लावली. नोकरी गेली की कामगार सरकारी खिडकीऐवजी आपल्या संघटनेच्या निधीकडे जाई, त्यामुळे मंदीतही तो संघटना सोडत नसे. सत्तेचा वापर करून स्वतःच्या पायाखालची जमीन घट्ट करणे याला म्हणतात. १९३६ च्या उन्हाळ्यातले काही आठवडे वगळता पंतप्रधानपद १९७६ पर्यंत त्यांच्याकडे राहिले.

तिथेही गाडी अडली, आणि ती मालकीच्या प्रश्नावर. १९७६ मध्ये कामगार महासंघाने अर्थतज्ज्ञ रुडॉल्फ माइडनर यांची योजना उचलली: कंपन्यांच्या नफ्यातून शेअर काढून ते कामगारांच्या निधीत जमा करायचे, म्हणजे काही दशकांत मालकी बदलेल. ऑक्टोबर १९८३ मध्ये उद्योजक हजारोंच्या संख्येने स्टॉकहोमच्या रस्त्यावर उतरले. डिसेंबरात संसदेने योजनेचे अगदी पातळ रूप मंजूर केले. चर्चा चालू असताना अर्थमंत्री शेल-ओलोफ फेल्ट आपल्या बाकावर एक कविता खरडत होते. छायाचित्रकाराने कागद टिपला. या निधीला शिव्या घालणारी ती कविता होती, आणि निधीचे विधेयक त्यांच्याच सरकारचे होते. काही वर्षांत उजव्या सरकारने तो निधी मोडीत काढला.

फ्रान्सला हा धडा दोनदा मिळाला. १९३६ मध्ये लेऑं ब्लूम यांच्या नेतृत्वाखालच्या डाव्या पक्षांच्या लोकआघाडीला सुमारे वीस लाख संपकऱ्यांच्या रेट्याने ४० तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची पगारी रजा देता आली. आठ महिन्यांत, फेब्रुवारी १९३७ मध्ये, ब्लूमनीच सुधारणांना विराम जाहीर केला आणि जूनमध्ये त्यांचे सरकार गेले.

समाजवादी नेते मित्तरां यांचा राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतला विजय १० मे १९८१ चा. फाशीची शिक्षा रद्द झाली, किमान वेतन वाढले, पाचवा पगारी रजेचा आठवडा मिळाला, निवृत्तीचे वय साठ झाले, पाच मोठे उद्योगसमूह आणि बहुतेक साऱ्या बँका सरकारच्या मालकीच्या झाल्या. चार कम्युनिस्ट मंत्री झाले. अमेरिका आणि ब्रिटन व्याजदर चढवून खर्च आवळत असताना फ्रान्स एकटा खर्च वाढवत होता. लोकांच्या हाती आलेला पैसा जर्मन मालावर गेला, व्यापारतूट फुगली, फ्रँकचे अवमूल्यन ऑक्टोबर १९८१ मध्ये झाले, जून १९८२ मध्ये झाले. मार्च १९८३ मध्ये मित्तरां दहा दिवस दोलायमान होते: सदस्य देशांच्या चलनांचे दर एकमेकांशी बांधणाऱ्या युरोपीय चलनव्यवस्थेतून बाहेर पडून स्वतःची वाट धरायची, की आत राहून कंबर कसायची? ते आत राहिले. तिसरे अवमूल्यन झाले आणि काटकसरीची योजना आली. तिच्यातला एक तपशील असा: परदेशी सहलीला जाणाऱ्या प्रत्येक प्रौढाला वर्षाला फक्त २,००० फ्रँक इतकेच परकीय चलन. पैसा देशाबाहेर जाऊ नये याची सरकारला एवढी घाई झाली होती. पाचच वर्षांनी, १९८८ मध्ये, युरोपीय समुदायात भांडवलाला सीमापार मोकळी वाट देणारा निर्देश आला, तेव्हा युरोपीय आयोगाचे अध्यक्ष होते झाक दलोर, १९८३ च्या त्या योजनेचे अर्थमंत्री. हतबल होऊन केलेली तडजोड पुढे निष्ठा बनते, त्याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

१९८३ मध्ये फ्रेंच समाजवाद्यांना अडवणारे कोणी नव्हते. ब्रिटन किंवा स्वीडनसारखी त्यांच्या पक्षाला जोडलेली मोठी कामगार संघटनाच नव्हती. सर्वांत मोठी संघटना कम्युनिस्टांकडे झुकलेली होती. पक्षात प्राध्यापक, शिक्षक, वरिष्ठ अधिकारी यांचा भरणा होता, आणि सत्ता येताच त्यांतले कर्तबगार लोक मंत्र्यांच्या कार्यालयांत गेले. १९८४ मध्ये लोरेनमधील पोलाद कारखान्यांत मोठी कपात जाहीर झाली तेव्हा तिथले कामगार, मित्तरांचे मतदार, रस्त्यावर उतरले. जुलैत कम्युनिस्ट सरकारबाहेर पडले.

स्पेनमध्ये याच्या अगदी उलटे दृश्य दिसले. समाजवादी पक्ष आणि यूजीटी ही कामगार संघटना सख्खी भावंडे. दोन्हींचा संस्थापक एकच, पाब्लो इग्लेसियास. १९७४ मध्ये परदेशात भरलेल्या अधिवेशनात यूजीटीचे नेते निकोलास रेदोन्दो स्वतः बाजूला राहिले म्हणून तरुण फेलिपे गोन्झालेस पक्षप्रमुख झाले. १९८२ मध्ये गोन्झालेसनी ३५० पैकी २०२ जागा जिंकल्या. आठ लाख नोकऱ्यांचे आश्वासन होते. प्रत्यक्षात सागुन्तोचा पोलाद कारखाना बंद पडला आणि बेकारी वीस टक्क्यांवर गेली. नाटोला विरोध करत आलेल्या पक्षाने १९८६ च्या सार्वमतात नाटोत राहण्यासाठी मते मागितली. रेदोन्दो पक्षाचे खासदार होते. पेन्शनकपातीविरुद्ध मत देऊन आणि अंदाजपत्रकावर भांडून थकल्यावर १९८७ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली. १४ डिसेंबर १९८८ च्या मध्यरात्री सरकारी दूरचित्रवाणीच्या बातम्या चालू असतानाच पडदा काळा झाला. सार्वत्रिक संप सुरू झाला होता. देश दिवसभर बंद राहिला. कमी पगारावर तरुणांना राबवणारी योजना सरकारला मागे घ्यावी लागली आणि पुढच्या काळात सामाजिक खर्च वाढला. आपल्याच सरकारविरुद्ध संप करणे ही रेदोन्दो यांच्यासाठी आनंदाची गोष्ट नव्हती, पण पक्षाला मतदारांची आठवण कुणीतरी करून द्यायलाच हवी होती.

ब्राझीलच्या वर्कर्स पार्टीची (पीटी) स्थापना १९८० मधली. साव पावलोचे धातुकामगार, चर्चच्या वस्तीपातळीवरच्या मंडळ्या, डावे बुद्धिजीवी यांच्यातून ती उभी राहिली. पक्षाचे नेते लुला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तीनदा हरले. २००२ मध्ये ते जिंकणार असे दिसताच चलन घसरू लागले, आणि जूनमध्ये त्यांनी देशवासीयांना उद्देशून पत्र काढले: जुने करार पाळू, कर्जे फेडू. म्हणजे बदल मतदानाच्या चार महिने आधी झाला होता. जानेवारी २००३ मध्ये सत्ता घेतल्यावर व्याजदर साडेसव्वीस टक्क्यांपर्यंत नेला, मध्यवर्ती बँक एका माजी आंतरराष्ट्रीय बँकरकडे दिली, सरकारी नोकरांच्या पेन्शनला कात्री लावली. विरोधात मत देणाऱ्या चार खासदारांना डिसेंबरात पक्षाने काढले.

त्याच वर्षी बोल्सा फामिलिया ही गरीब कुटुंबांना थेट पैसे देणारी योजनाही सुरू झाली आणि २००६ पर्यंत ती एक कोटी दहा लाख कुटुंबांपर्यंत पोचली. पीटीला नावे ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. भुकेल्या घरात हा फरक अफाट असतो. तरी पक्ष मात्र वेगळा झाला. खासदारखरेदीचा घोटाळा २००५ मध्ये बाहेर आला, आणि लुलांचा मतदार दक्षिणेकडच्या औद्योगिक शहरांतून ईशान्येकडच्या गरिबांकडे सरकला. त्या गरिबांचे नाते लुलांशी होते, पक्षशाखेशी नव्हते. कामगार महासंघाचे अध्यक्ष २००५ मध्ये थेट कामगारमंत्री झाले.

ग्रीसचे दुखणे अजून ताजे आहे. सिरीझा २००९ मध्ये ४.६ टक्के मतांचा पक्ष होता. जानेवारी २०१५ मध्ये ३६ टक्के घेऊन सत्तेवर. मते सात-आठ पट वाढली, संघटना तेवढी वाढली नाही. जूनअखेर बँका बंद झाल्या, एटीएममधून दिवसाला ६० युरोच काढता येत. त्या रांगांत उभ्या राहिलेल्या लोकांनी ५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्के मतांनी धनकोंच्या काटकसरीच्या अटी फेटाळल्या. आठवड्याभरात सिरीझाचे पंतप्रधान सिप्रास यांनी त्याहून कडक अटी मान्य केल्या. पक्षाच्या २०१ जणांच्या केंद्रीय समितीतल्या १०९ सदस्यांनी विरोधाचे निवेदन काढले. सरकारने ते बाजूला ठेवले, पक्ष फुटला, आणि सप्टेंबरच्या निवडणुकीत सिप्रास पुन्हा जिंकले. ते जिंकले हे खरे. पण केंद्रीय समितीच्या बहुमताला किंमत नाही हे ज्या दिवशी कळले, त्या दिवशी कार्यकर्त्याने शाखेच्या बैठकीला कशासाठी यायचे?

आपल्या शेजारी श्रीलंकेत हा प्रश्न सध्या चालू आहे. तिथला जुना डावा पक्ष, लंका समसमाज, १९६४ मध्ये सिरिमावो बंदरनायके यांच्या सरकारात सामील झाला. १९७० मध्ये त्याच्या १९ जागा आल्या आणि एन. एम. परेरा अर्थमंत्री झाले. १९७५ मध्ये त्यांना सरकारबाहेर काढले गेले आणि १९७७ मध्ये पक्षाची एकही जागा आली नाही. मधल्या काळात, एप्रिल १९७१ मध्ये, याच सरकारविरुद्ध जनता विमुक्ती पेरामुना या नव्या पक्षाच्या तरुणांनी सशस्त्र उठाव केला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या पक्षाचे अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले; नोव्हेंबरात त्यांच्या आघाडीला २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. आधीच्या सरकारने नाणेनिधीशी केलेला करार त्यांनी चालू ठेवला आहे, व्याज वगळता जीडीपीच्या २.३ टक्के शिल्लक दाखवण्याच्या अटीसह. पक्षाच्या शिक्षक संघटनेचे सरचिटणीस आता कामगार खात्याचे उपमंत्री आहेत. शिक्षकांच्या पगारासाठी त्यांच्यासमोर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला त्या संघटनेतून कोण येऊन बसते, हे पाहायचे आहे.